‘पीएचपी मेली’ या मेसेजबद्दल खुलासा

"पीएचपी संपली. थेट नोड शिका, नाहीतर नोकरी विसरा," असा मेसेज इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतोय. पीएचपी ही वेबसाइटचा सर्व्हरवरचा भाग लिहायची भाषा, आणि नोड म्हणजे जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवायची सोय. मेसेजमधलं पहिलं वाक्य धादांत खोटं आहे.

पीएचपी १९९५ ची, म्हणजे म्हातारी खरी. पण विकिपीडिया आजही तिच्यावरच चालतो, वर्डप्रेसही. २०१५ अखेर आलेल्या सातव्या आवृत्तीने तिचा वेग जवळपास दुप्पट केला, २०२० मध्ये आठवी आली आणि त्यानंतरही सुधारणा चालूच आहेत. मेलेल्या भाषेला कोण एवढं सजवतं?

बदनामीला कारण आहे, नाही असं नाही. जुन्या नोट्समध्ये युजरने टाइप केलेलं नाव जसंच्या तसं एसक्यूएलच्या (डेटाबेसकडे माहिती मागायच्या भाषेच्या) ओळीत चिकटवलेलं असतं. कुणी त्या चौकटीत नावाऐवजी एक अवतरणचिन्ह आणि चार शब्द टाकले की अख्खं टेबल उघडं पडतं. पण हाच गाढवपणा नोडमध्येही तितक्याच आरामात करता येतो. इलाज दोन्हीकडे एकच, प्रिपेअर्ड स्टेटमेंट: एसक्यूएलची ओळ आधी ठरवायची आणि युजरचा मजकूर वेगळा पाठवायचा. तुमचा क्लास अजून ‘मायएसक्यूएल_क्वेरी’ हे डेटाबेसला क्वेरी पाठवायचं पीएचपीचं जुनं फंक्शन शिकवत असेल तर क्लास बदला, भाषा नव्हे. ते फंक्शन सातव्या आवृत्तीतच काढून टाकलंय.

नोडचा फायदा खरा आहे: ब्राउझरमध्ये आणि सर्व्हरवर एकच जावास्क्रिप्ट. बँकांची कामं करणाऱ्या कंपनीत जायचं असेल तर मात्र जावा आणि तिचं फ्रेमवर्क (तयार सांगाडा) स्प्रिंग बघा. त्या मेसेजमध्ये जावाचं नावही नाही, हे विशेष.

एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याचे नियम), सेशन (आलेला युजर लक्षात ठेवणं), डेटाबेस हे एका भाषेत नीट कळलं की दुसरी भाषा जड जात नाही.