पार्थेनॉनचे घोडेस्वार बिनलगामाचे नव्हते

अथेन्सच्या प्राचीन पार्थेनॉन मंदिरावरच्या दगडी शिल्पपट्ट्यात कोरलेल्या घोडेस्वारांचा फोटो आणि त्याखाली तीन दावे, असा मजकूर सध्या फिरतो आहे. घोड्यांना लगाम नाही, कारण ग्रीक नुसत्या मांडीच्या इशाऱ्यावर घोडे हाकायचे. घोडे बुटके, कारण शिल्पकाराला प्रमाण जमलं नाही. आणि घोड्यांचे पुढचे पाय उचललेले, म्हणजे स्वार लढाईत पडलेले. तिन्ही दावे चूक आहेत. इतक्या देखण्या कामाबद्दल असं पसरावं याचं वाईट वाटतं.

पायांचा मुद्दा लवकर संपतो. अश्वारूढ पुतळ्यांबद्दल आपल्याकडेही सांगितला जाणारा हा 'नियम' प्राचीन ग्रीक शिल्पात नव्हता. हे स्वार इराणी फौजेविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईत पडलेले अथेन्सचे १९२ वीर असावेत, असं जॉन बोर्डमन या अभ्यासकाने सुचवलं होतं खरं; पण त्यांचा आधार आकृत्यांची मोजदाद होता, घोड्यांचे पाय नव्हेत. बहुतेक अभ्यासक इथे अथेना देवीच्या उत्सवाची मिरवणूक पाहतात. तिच्यात एकजण वहाणेचा बंद बांधतोय, एक पोरगा मालकाचा कमरपट्टा मागून आवळतोय.

आता प्रमाण. हा शिल्पपट्टा सुमारे १६० मीटर लांब, पण उंचीला जेमतेम १ मीटर. तेवढ्यात चालणारे, बसलेले, घोड्यावरचे अशा सगळ्यांची डोकी साधारण एका पातळीत ठेवली आहेत. मग घोडा लहान होणारच. पूर्वेकडे बसलेल्या देवांची डोकी उभ्या माणसांच्या डोक्यांना भिडतात. ते उठून उभे राहिले तर पट्ट्यात मावणार नाहीत. हे न जमणं नव्हे, ठरवून केलेलं आहे. शिवाय तेव्हाचे ग्रीक घोडे आजच्या शर्यतीच्या घोड्यांपेक्षा खरोखरच लहान होते.

सगळ्यात जास्त पसरलेला दावा लगामाचा, आणि त्याचं उत्तर दगडातच आहे. घोड्यांच्या तोंडाशी, कानांमागे नीट पाहा: बारीक भोकं दिसतील. तिथे धातूचे लगाम बसवलेले होते. धातू गेला, भोकं राहिली. स्वारांच्या मुठी रिकाम्या दिसतात, पण त्या काहीतरी धरल्यासारख्या वळलेल्या आहेत. रिकीब (स्वाराने पाय ठेवायची कडी) मात्र खरंच नाही, कारण ती ग्रीकांना माहीतच नव्हती. त्यामुळे मांडीची पकड लागायचीच. पण लगामाशिवाय? अथेन्सच्याच झेनोफन या लेखकाने इ. स. पू. चौथ्या शतकात अश्वारोहणावर लिहिताना तोंडात घालायच्या लगामाच्या किमान दोन जाती जवळ ठेवायला सांगितल्या आहेत: एक गुळगुळीत, एक खरखरीत.