दर दुसरा श्वास समुद्राचा? खर्चाची बाजूही बघा

'आपला दर दुसरा श्वास समुद्र देतो. समुद्रातले सूक्ष्म प्लवक संपले, तर काही वर्षांत माणूस गुदमरून मरेल.' निळ्या लाटेच्या फोटोसकट हा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरून फिरून येतो.

पृथ्वीवरचं साधारण निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रात होतं, एवढं खरं. त्यातला मोठा वाटा प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या प्रोक्लोरोकोकस या जिवाणूसारख्या जिवांचा. आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. उष्ण समुद्राच्या मिलिलिटरभर पाण्यात लाखभर सहज सापडतात.

पण तयार झालेलं शिल्लक राहतं, हे कुणी सांगितलं? आज लाख पेशी मोजल्या, उद्या त्याच वेळी पुन्हा लाखच भरतात. वाढ थांबली म्हणावं, तर तसंही नाही; नव्या पेशी होतात तशा खाल्ल्याही जातात. पण किती वाढल्या आणि किती खाल्ल्या गेल्या, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. १९८२ साली लँड्री आणि हॅसेट या संशोधकांनी हे उलगडायची युक्ती मांडली. समुद्राचं थोडं पाणी इतक्या बारीक गाळणीतून काढायचं, की त्यात ना प्लवक उरतात ना त्यांना खाणारे. ते मूळ पाण्यात कमीजास्त मिसळायचं, ताकात पाणी घालावं तसं. मग बाटल्या जहाजाच्या डेकवरच्या टाकीत, जाळीच्या सावलीत चोवीस तास ठेवायच्या. पाणी जितकं पातळ, तितकी खाणाऱ्याची आणि भक्ष्याची गाठ कमी. पेशी मात्र आपल्या वेगानं दुभंगत राहतात. (त्यांना अन्न कमी पडू नये म्हणून बहुधा नायट्रेट, फॉस्फेटही घालतात, नाहीतर सगळा हिशेबच चुकायचा.) म्हणून सर्वांत पातळ बाटलीत वाढ जास्त दिसते. आकडे आलेखावर मांडले, की रेषेच्या उतारावरून चराई, म्हणजे पेशी खाल्ल्या जाण्याचा वेग, कळते आणि रेष मूळ पाण्याचा वाटा शून्य होईपर्यंत मागे नेली की चराईविना वाढ.

जगभरचे असे प्रयोग २००४ मध्ये एकत्र तपासले गेले. रोजच्या उत्पादनापैकी सरासरी दोन तृतीयांश सूक्ष्म प्राणीच फस्त करतात! आणि खाणारा श्वासही घेतो. समुद्राचं हातावर पोट आहे. दिवसभर कमावलेला ऑक्सिजन बहुतेक तिथंच खर्ची पडतो.

गुदमरण्याची भीती तर निव्वळ पोकळ. हवेतला जवळपास २१ टक्के ऑक्सिजन ही कोट्यवधी वर्षांची पुंजी आहे. पृथ्वीवरचे सगळे सजीव जाळले, तरी त्यातला एक टक्काही घटणार नाही. प्लवक गेले तर ताटातला बांगडा आणि तारली मात्र नक्की जातील. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि 'दानशूर' समुद्राकडे स्वतःपुरता तरी ऑक्सिजन आहे का? अरबी समुद्रात दीडेकशे मीटर खाली गेलं की तो जवळजवळ संपतो. वरून बुडणारं उष्टं कुजवण्यातच तो जातो.