दानशूर व्हायचंय? आधी मक्तेदारी कमवा

गणपतीच्या वर्गणीला पन्नासची नोट देऊन पावतीवर आपलं नाव नीट लिहिलंय ना, हे दोनदा बघणाऱ्या वाचका, तुमचं चुकतंय ते क्रमात. तुम्ही आधी देता आणि मग महिनाअखेरीला हात आखडता घेता. अशाने कुणी दानशूर होत नसतो. बिल गेट्स यांचं चरित्र समोर ठेवा आणि मी सांगतो त्या क्रमाने चला.

सुरुवात आईवडिलांच्या निवडीपासून. वडील सिअॅटलमधले नावाजलेले वकील हवेत, आई मोठमोठ्या संचालक मंडळांवर हवी. शाळा अशी हवी की जिथल्या मुलांच्या आया जुन्यापान्या वस्तूंची विक्री भरवतात आणि त्या पैशातून १९६८ साली शाळेत संगणकाचं टर्मिनल येतं. नंतर हार्वर्ड सोडायचं. पण सोडायला आधी मिळावं लागतं, बारावीला गटांगळी खाऊन हा मान मिळत नाही. शिवाय आई युनायटेड वे या धर्मादाय संस्थेच्या ज्या समितीवर असेल, तिथेच आयबीएम या बलाढ्य संगणक कंपनीचे जॉन ओपेलही असावेत. त्या ओळखीने पुढे आयबीएमचं कंत्राट मिळालं असं मी म्हणत नाही. दानधर्माचा संबंध घराण्यात आधीपासून होता, एवढंच.

आता कमाई. १९७५ साली मित्र पॉल अॅलन याच्यासोबत मायक्रोसॉफ्ट ही कंपनी काढा आणि वर्ष उलटायच्या आत, फेब्रुवारी १९७६ मध्ये, संगणकाच्या हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहून ठणकवा की तुमच्यातले बहुतेक जण आमचं सॉफ्टवेअर चोरता. ते सॉफ्टवेअर हार्वर्डच्या संगणकावर बसून लिहिलं होतं, हा तपशील पत्रात यायची गरज नाही. पुढे आयबीएमला ऑपरेटिंग सिस्टिम हवी असेल आणि आपल्याकडे नसेल, तर घाबरू नका. गावातल्याच एका छोट्या कंपनीकडे ती असते. खरं गिऱ्हाईक कोण ते त्यांना न सांगता परवाना घ्या आणि जुलै १९८१ मध्ये ५० हजार डॉलर देऊन सगळे हक्क उचला. मग ती आयबीएमला वापरायला द्या, पण विकू नका, म्हणजे उद्या बाकीचे संगणकवालेही तुमच्याच दारात येतील. आपल्याकडे याला दुसऱ्याच्या म्हशीचं दूध काढणं म्हणतील. तिकडे याला दूरदृष्टी म्हणतात.

एखाद्या दिवशी सरकार जागं होईल. अमेरिकेचं मे १९९८ मध्ये झालं, नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझर कंपनीचा गळा आवळल्याबद्दल. त्याच उन्हाळ्यात सरकारी बाजूचे वकील डेव्हिड बॉइज यांनी कॅमेऱ्यासमोर गेट्स यांची जबानी घेतली, ती शिकाऊ दानशूराने जरूर बघावी. इतकं मन लावून केलेलं न-आठवणं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. खुर्चीत मागेपुढे डोलायचं, बराच वेळ गप्प बसायचं, मग आपणच पाठवलेली ईमेल आठवत नाही म्हणायचं. ‘काळजी वाटणं’ म्हणजे तुम्हाला नेमकं काय अभिप्रेत आहे, ‘आम्ही’ म्हणजे कोण, अशा शंका काढायच्या. कोर्टात ही चित्रफीत लागली तेव्हा न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही. पण पुढे जून २००० मध्ये त्यांनी कंपनीचे दोन तुकडे करायचा हुकूम दिला आणि वर्षभराने वरच्या कोर्टाने तो रद्द केला, तेव्हा शेवटी कोण हसलं हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता नीट लक्ष द्या. त्याच २००० साली, जानेवारीत, कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याची खुर्ची गेट्स यांच्याकडून सहकारी स्टीव्ह बामरकडे गेली आणि त्याच साली बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशन उभं राहिलं. आपल्या वाल्याला वाल्मीकी व्हायला अंगावर वारूळ चढेपर्यंत बसावं लागलं होतं. हल्ली नोंदणी पुरते.

दान केल्याने संपत्ती कमी होईल ही भीती मनातून काढा. दिल्याने वाढते ती विद्या, असं आपल्याला शाळेत घोकून घेतलं, ते अर्धवटच होतं. २०१० मध्ये गेट्स आणि बडे गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी निम्म्याहून जास्त संपत्ती वाटण्याची प्रतिज्ञा जाहीर केली, तेव्हा फोर्ब्स मासिकाच्या श्रीमंतांच्या यादीत गेट्स यांच्या नावापुढे ५३ अब्ज डॉलर होते. २०२१ मध्ये १२४ अब्ज. मधल्या काळात थोडी शेतजमीनही झाली, सुमारे २ लाख ४२ हजार एकर. इथे दोन गुंठ्यांपायी सख्खे भाऊ वीस वर्षं कोर्टात भेटतात.

पैसे कुठे द्यायचे हे कुणालाही विचारू नका. अमेरिकेतल्या शाळा लहान केल्या की मुलं हुशार होतील असं वाटलं, तर सुमारे दोन अब्ज डॉलर ओता. नाही झाली, तर २००९ च्या वार्षिक पत्रात लिहा की बऱ्याच शाळांत फारसा फरक पडला नाही. नगरसेवकाचा रस्ता खचला तर लोक निदान पुढच्या निवडणुकीत त्याला धरतात. तुम्हाला निवडून कुणी दिलंय?

अडचण एकच आहे आणि तिने माझ्या लेखाचीही पंचाईत होते. लशींचं काम खरंच झालंय. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू २००० सालानंतर जवळपास निम्म्यावर आले, त्यात ‘गावी’ या जागतिक लस-आघाडीमार्फत गेलेल्या गेट्स यांच्या पैशाचा वाटा नाकारायचा तर डोळे मिटावे लागतील. पुण्याच्या सीरमलाही ऑगस्ट २०२० मध्ये या वाटेने १५ कोटी डॉलरचा आधार मिळाला. जोखीम गेट्स यांच्या संस्थेने उचलली, लस तीन डॉलरच्या वर जाणार नाही असं ठरलं. उत्तमच. पण एप्रिल २०२१ मध्ये, आपण ऑक्सिजनच्या नळकांड्यांसाठी रात्री अपरात्री फोन फिरवत होतो तेव्हा, लशीची कृती सगळ्यांना द्यावी का, असं गेट्स यांना मुलाखतीत विचारलं. उत्तर होतं, नाही. पंचेचाळीस वर्षांनंतरही १९७६ च्या पत्राची शाई वाळली नव्हती. पुढे संस्थेने भूमिका थोडी सैल केली, पण हातचं राखूनच.

असे प्रश्न फार येऊ लागले की रस्त्यावर उतरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरच्या डॉली चायवाल्याकडून चहा घेतला आणि मार्च २०२५ मध्ये सचिन तेंडुलकरांशेजारी बाकावर बसून वडापाव खाल्ला, की मक्तेदारी वगैरे शब्द मराठी माणसाच्या तोंडून निघत नाहीत. त्याचं तोंड भरलेलं असतं. डॉलीने नंतर सांगितलं, समोर कोण आहे हे मला माहीतच नव्हतं. सबंध प्रकरणात गेट्स यांच्याकडे केवळ गिऱ्हाईक म्हणून पाहणारा तो एकटाच.

शेवटी विरक्ती. मे २०२५ मध्ये गेट्स यांनी जाहीर केलं की उरलेल्यातली ९९ टक्के संपत्ती वीस वर्षांत वाटून टाकणार आणि ३१ डिसेंबर २०४५ ला संस्थेला कुलूप लावणार. श्रीमंतच मेला, असं आपल्यामागे कुणी म्हणू नये अशी त्यांची इच्छा आहे. तुम्हीही असंच जाहीर करा, फक्त तो उरलेला १ टक्का आठवणीने बाजूला ठेवा. तो एक अब्ज डॉलरच्या आसपास भरतो, म्हणजे साडेआठ हजार कोटी रुपयांच्या वरच. जपून खर्च केलात तर म्हातारपण निघेल.