हिरव्या पट्टीची कृपा

पुण्यातल्या साहेबांनी मीटिंगमध्ये ‘कव्हरेज ८० टक्के पाहिजे’ असं फर्मावलं, तरी बेळगावात बसून घाम फोडून घेऊ नका. कव्हरेज म्हणजे टेस्ट चालताना कोडचा किती भाग चालला, त्याचा आकडा. टेस्ट चांगल्या हव्यात असं ते म्हणालेले नाहीत. आकडा मागितलाय, आकडा द्यायचा.

जावाचा प्रोजेक्ट बांधणाऱ्या ग्रेडलच्या बिल्ड फाइलीत प्लगिनांच्या यादीत कव्हरेज मोजणाऱ्या जॅकोकोची एक ओळ टाका. टेस्ट चालताना जॅकोकोचा एजंट जावा चालवणाऱ्या जेव्हीएमला चिकटतो, बाइटकोडमध्ये (म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमध्ये) जागोजागी खुणा पेरतो आणि कुठल्या खुणेवरून पाय पडला एवढंच टिपून ठेवतो. तिथं उत्तर बरोबर आलं की चूक, ही चौकशी त्याच्या खात्यात येत नाही. असा तपासनीस मिळायला नशीब लागतं.

समजा, उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीसाठी तुम्ही कास्टिंगच्या बिलाचं सॉफ्टवेअर केलंय. वजन गुणिले दर, वर १८ टक्के जीएसटी. घाईत कुणीतरी अधिकच्या जागी उणे टाकलंय. तर टेस्ट अशी लिहा: २५० किलो, दर अमुक, बिल काढणारं फंक्शन हाकायचं आणि आलेल्या उत्तराकडे ढुंकूनही बघायचं नाही. असर्ट (उत्तर ताडून बघणारी ओळ) नाही, काही नाही. रिपोर्टात फंक्शनची प्रत्येक ओळ हिरवीगार, म्हणजे चाललेली. खानापूरहून रोज ये-जा करणारी नवी पोरगी विचारेल, ‘सर, उत्तर कुठं तपासलंय?’ तिला रिपोर्टचे स्क्रीनशॉट काढायच्या कामाला लावा.

इफ-एल्सवर पिवळा चौकोन दिसला, म्हणजे एकच फाटा चालला. त्याचीही चिंता नको. ८० टक्क्यांच्या नियमात काय मोजायचं ते नमूद केलं नाही तर ग्रेडल इन्स्ट्रक्शन (बाइटकोडमधल्या सूचना) मोजतं, फाटे नव्हे. तुम्ही कशाला नमूद करताय?

अवघड क्लास असेल तर त्याला नावात ‘जनरेटेड’ असलेलं, कोडवर चिठ्ठीसारखं लागणारं अ‍ॅनोटेशन चिकटवा. ते क्लास फाइलीत टिकणारं असलं की पुरे, यंत्रानं लिहिलेला कोड समजून जॅकोको तो क्लास हिशेबातच धरत नाही. (आजकाल ते खोटंही ठरणार नाही म्हणा.)

आणि ८० टक्क्यांची अट? ती बिल्ड फाइलीत ठळक लिहा, रिव्ह्यूत सगळ्यांना दिसू दे. अट पडताळणारं टास्क ग्रेडलच्या ‘चेक’ला (सगळ्या तपासण्या चालवणाऱ्या टास्कला) आपोआप जोडलेलं नसतं, ते तुम्हाला जोडावं लागतं. तेवढं मात्र राहून जाऊ द्या. अट फाइलीत, बिल्ड पास, दोघांची गाठ कधी पडत नाही.

रिपोर्ट उघडून वाचायचा असतो, असं कुणी म्हणालाच तर त्याला सीमाभागात चार दिवस ठेवून घ्या. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून. अहवाल आहे हे पोराटोरांनाही ठाऊक. वाचलेला माणूस शोधून काढा बघू. आपला रिपोर्ट तर बिल्ड फोल्डरात असतो, ‘क्लीन’ मारलं की गेला. जपायची कटकट नाही.

महिनाअखेरीला फाउंड्रीच्या अकाउंटंटचा फोन येईल. ‘ओ सर, बिलात टॅक्स वजा व्हायलाय की ओ!’ आवाज न चढवता त्यांना सांगा, त्या ओळीचं कव्हरेज १०० टक्के आहे.