मासे मेले की तलाव आठवतो

दर उन्हाळ्यात तेच! नवतपा (मे अखेरचे ते नऊ तापते दिवस) लागतो, पारा ४५ला टेकतो, काठाला मेलेल्या माशांचा थर येतो आणि लोक नाक दाबून म्हणतात, "ऊनच इतकं आहे भाऊ!" ऊन आहेच, दिवसेंदिवस वाढतंच आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. पण त्यात सांडपाणी कोण सोडतं? त्यावर जलपर्णी माजते, खाली उजेड पोचत नाही, उरलासुरला प्राणवायू कुजण्यात संपतो. मासोळीनं जगायचं कसं?

मग मशीन येते, जलपर्णी उपसते, ढीग काठावरच पडून राहतो. चीड येते!

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, घराघरांत पाणी. तरी तलाव म्हटलं की आपल्याला दिवे, कारंजी आणि सिमेंटचा काठच सुचतो. हिवाळ्यात हिमालय ओलांडून विदर्भात पट्टकदंब हे हंसासारखे पक्षी येतात. (काय ती भरारी!) त्यांना उतरायला शांत, मोकळा, गवताळ काठ लागतो. तो ठेवलाय कुठे?

आधी ते सांडपाणी अडवा. कारंज्यांचं नंतर बघू.