जुलाब म्हणजे गुलाबच!

काल रजा मागायला साहेबांना फोन केला आणि तोंडातून निघालं, "सर, लूज मोशन्स होतायत." घरात आम्ही सरळ जुलाब म्हणतो. पण साहेब म्हटल्यावर पोटसुद्धा इंग्रजीत बिघडतं. दिवसभर दुसरा उद्योग नव्हताच, त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात या शब्दावरच विचार करत पडलो होतो.

ज्या शब्दाची एवढी लाज वाटते, तो मुळात गुलाब आहे. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. (आब आणि संस्कृत 'आप' ही भावंडंच. म्हणजे आपण गुलाबपाणी म्हणतो तेव्हा पाणी दोनदा ओततो.) हा गुलाब अरबीत गेला. तिथे 'ग' नाही, म्हणून झाला जुलाब. अर्थ गोड, सुगंधी सरबत. कडू औषध घशाखाली उतरावं म्हणून हकीम ते असल्या सरबतातून द्यायचे. तोच शब्द युरोपात जाऊन 'जुलेप' झाला आणि अमेरिकेत पुदिना घातलेल्या दारूच्या पेल्यात जाऊन बसला. आपल्याकडे आला तो मात्र थेट कोठा साफ करायला.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. जुलाब 'घ्यायचा' असतो, तेव्हा तो एकवचनी आणि औषध. जुलाब 'होतात', तेव्हा अनेकवचनी आणि आजार! क्रियापद बदललं की वैद्याचा रोगी झाला.

यापेक्षा 'रेच' सोवळा वाटतो खरा. त्याचा धातू रिच्, म्हणजे रिकामं करणं. रिक्त, अतिरिक्त, अतिरेक सगळे त्याच घरातले. प्राणायामात श्वास सोडतो तोही रेचक. नाटक बघून भावनांचं होतं ते 'विरेचन', त्यावर परिसंवाद होतात. पोटाचं झालं की आवाज खाली. वास्तविक ग्रीकांचा मूळ शब्द, कॅथार्सिस, त्यांचे वैद्यही पोट साफ करण्यासाठीच वापरायचे.

अतिसार आणि डायरिया तर जवळजवळ एकमेकांची भाषांतरं वाटतात, दोन्हींत 'वाहणं' आहे. आणि लूज मोशन? सैल हालचाल. याला सभ्य कोणी ठरवलं?

संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला, "मोशन्स कशा आहेत?" मी लिहिलं, "जुलाब थांबलेत, उद्या येतो." त्यांनी अंगठा दाखवला.