पायलटांची ‘फुकट’ खुर्ची: म्हापशाच्या वाचकांना उत्तर

“चवथीला मुंबईहून घरी यायचे तर आम्ही तिप्पट भाडे मोजतो, आणि पायलट आमच्याच पैशांवर जगभर फुकट फिरतात. असल्या मिरासदारीचे कौतुक कसले करता?” पायलटांच्या प्रवास-सवलतींवरचा माझा लेख वाचून आलेली ही तुमची प्रतिक्रिया. राग समजतो, माझी बहीणही दर चवथीला हेच ऐकवते. पण गोव्याच्या दाबोळी विमानतळावर काउंटरवर बावीस वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, तुमची जागा कोणी पळवलेली नाही.

जंपसीट मुळात विकायला नसतेच. कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागची, घडी घालता येणारी अरुंद खुर्ची ती, मुख्यतः तपासणीला येणाऱ्यासाठी. अमेरिकेत मात्र दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकालाही तिथे बसता येते, कारण राहतो एका शहरात आणि ड्युटी सुरू होते दुसऱ्याच शहरातून, असे तिथे पुष्कळांचे असते. २००१च्या हल्ल्यांनंतर हा माणूस खरेच वैमानिक आहे का, हे संगणकावर पडताळूनच आत सोडतात. शेवटचा शब्द कॅप्टनचा. तो नाही म्हणाला की विषय संपला.

एवढी खबरदारी उगाच नाही. १९९४ साली फेडेक्सच्या मालवाहू विमानात कंपनीचाच एक कर्मचारी असा बसून आला आणि त्याने वैमानिकांवर हातोड्याने हल्ला केला. रक्तबंबाळ अवस्थेत त्यांनी विमान उतरवले. ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकेतच जंपसीटवरच्या एका रजेवरील वैमानिकाने चालू इंजिने बंद पाडायचा प्रयत्न केला. आपल्याकडचेही उदाहरण आहे. त्याच वर्षी दुबई-दिल्ली विमानात मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवले म्हणून डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, वैमानिकाचा परवाना तीन महिने निलंबित केला आणि एअर इंडियाला तीस लाखांचा दंड ठोठावला. तेव्हा ‘जगभर’ हा शब्द या खुर्चीला लागू पडत नाही.

देशोदेशी चालते ती वेगळी गोष्ट, झेड भाडे. कंपन्यांनी आपसांत करार करून अंतरानुसार ठरवलेले हे स्वस्त तिकीट. पायलटच नव्हे, माझ्यासारखा काउंटरवालाही ते काढू शकतो. कर आणि विमानतळाचे आकार भरावे लागतात आणि जागेची हमी शून्य. आमच्या भाषेत ‘सबलोड’: पैसे भरलेले सगळे प्रवासी बसले, मग कंपनीची स्वतःची माणसे बसली, त्यानंतर काही उरले तर तुम्ही. आता चवथीचे विमान आठवा. ज्या दिवशी तुम्ही तिप्पट भरता, त्या दिवशी ते खच्चून भरलेले असते. म्हणजे नेमका त्याच दिवशी पायलट खाली राहतो.

एका बाबतीत तुम्ही मला बरोबर पकडलेत. मूळ लेखात मी ‘हक्क’ लिहिले होते. ही सवलत आहे, कंपनी कधीही काढून घेऊ शकते. शब्द बदलला आहे.

नाताळानंतरच्या एका आठवड्यातले अजून डोळ्यांसमोर आहे. एका परदेशी कंपनीचा कॅप्टन, बायको, सात-आठ वर्षांची मुलगी. सकाळपासून मुंबईची तीन विमाने गेली, तिन्ही भरलेली. दर वेळी मुलगी माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचो. कोकणकन्येलाही वेटिंग. शेवटी तिघे मडगावहून रात्रीच्या स्लीपर बसने गेले, सणासुदीचे वाढीव भाडे पूर्ण भरून.